मुक्तस्रोत बहुमाध्यम चौकट

ध्वनी, स्थिरचित्र, चलच्चित्र व मजकूर यांची संगणकावर नोंद करणे, त्यांचे संपीडन करणे, त्यांना एका धारकात बसविणे आणि ते पुन्हा उलगडून दाखविणे, या क्रिया करणाऱ्या व परस्परांशी जोडता येणाऱ्या आज्ञावलींच्या संचास बहुमाध्यम चौकट म्हणतात. संचाची मूळ संहिता कोणासही वाचण्यास, बदलण्यास व पुन्हा वाटण्यास मोकळी असेल, तर ती चौकट मुक्तस्रोत होय. जीस्ट्रीमर ही या प्रकारची प्रमुख चौकट होय. एफएफएमपेग हा काटेकोर अर्थाने चौकटीपेक्षा संकेतन-विसंकेतनाचा कार्यसंग्रह आहे. तथापि व्यवहारात दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

अ‍ॅपल कंपनीने १९९१ मध्ये क्विकटाइम प्रसृत केले. मायक्रोसॉफ्टनेही १९९० नंतरच्या दशकात डायरेक्टशो ही रचना पुढे आणली. लिनक्स प्रणालीवर मात्र अशी सामाईक सोय नव्हती. ध्वनी वाजविणारी प्रत्येक आज्ञावली आपापले विसंकेतक सोबत बाळगून असे. ही उणीव हेरून एरिक वॉल्थिन्सेन यांनी १९९९ मध्ये जीस्ट्रीमरचे काम हाती घेतले. नळमार्गाची कल्पना त्यांनी ऑरेगन ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटमधील संशोधनावरून व काही अंशी डायरेक्टशोवरून घेतली. लवकरच विम टायमन्स त्यांना येऊन मिळाले व पुढील रचनेवर त्यांचाच ठसा अधिक उमटला. एफएफएमपेगचा आरंभ फ्रेंच गणकशास्त्रज्ञ फाब्रीस बेलार यांनी २००० मध्ये, तोही टोपणनावाने केला. जीस्ट्रीमरची ०.१० ही दीर्घकाळ टिकलेली आवृत्ती डिसेंबर २००५ मध्ये, तर १.० ही आवृत्ती सप्टेंबर २०१२ मध्ये निघाली. या दोन आवृत्त्यांची अंतर्रचना भिन्न असल्यामुळे पहिलीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या दुसरीवर जशाच्या तशा चालत नाहीत. जुनी पुस्तिका हाती घेऊन आरंभ करणारे अभ्यासक येथेच अडखळतात.

जीस्ट्रीमरची कार्यपद्धती पाटाच्या पाण्याच्या उदाहरणाने समजू शकते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी परभणी जिल्ह्यात मुख्य कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत व चारीतून शेतात येते. प्रत्येक टप्प्यावर दारे असते व पुढील वाट घेईल तेवढेच पाणी सोडावे लागते. येथे पाण्याच्या जागी माहितीचा प्रवाह असतो. पहिला घटक धारिका वाचतो, दुसरा तिच्यात एकत्र बांधलेले ध्वनी व चित्र वेगळे करतो, पुढील घटक त्यांचे विसंकेतन करतो व अखेरचा घटक ते ध्वनिक्षेपकाकडे किंवा पडद्याकडे पोहोचवितो. शेजारी असलेले दोन घटक आपण कोणत्या स्वरूपाची माहिती देऊ-घेऊ शकतो हे आधी परस्परांत ठरवितात. ते जुळले नाही, तर प्रवाह सुरूच होत नाही. ओठांची हालचाल व शब्द यांचा मेळ राहावा म्हणून सर्व घटक एकाच घड्याळाचा आधार घेतात.

जीस्ट्रीमरच्या अधिकृत पुस्तिकेतील पहिला पाठ ऑग धारकातील व्हॉर्बिस ध्वनी वाजविण्याचा आहे. त्यात धारिकावाचक, विभाजक, विसंकेतक, ध्वनिरूपांतरक व ध्वनिनिर्गम असे पाच घटक क्रमाने जोडले जातात. पाठ लहान असला, तरी त्यात एक मर्म आहे. धारकात काय दडले आहे ते उघडल्यावाचून कळत नाही. त्यामुळे विभाजकाचे निर्गममुख आरंभी अस्तित्वातच नसते, प्रवाह सुरू झाल्यावर ते निर्माण होते व मगच पुढे जोडता येते. ही गोष्ट ध्यानी आली की उरलेला विषय अवघड राहत नाही. केवळ प्रयोग करून पाहणाऱ्यास आज्ञावली लिहिण्याचीही गरज नाही. घटकांची नावे एका ओळीत, मध्ये उद्गारचिन्हे देऊन लिहिली, की नळमार्ग सिद्ध होतो.

पहिल्या पाठासाठी व्हॉर्बिसची निवड झाली, तीस एकस्वांची (पेटंटांची) पार्श्वभूमी आहे. एमपी३ या सर्वाधिक रूढ ध्वनिप्रकारावर एकस्वे होती व त्यांचा परवाना-व्यवहार एप्रिल २०१७ पर्यंत चालू होता. व्हॉर्बिस मात्र आरंभापासून मुक्त राखण्यात आला; त्याची १.० आवृत्ती २००२ ची. जीस्ट्रीमरच्या कर्त्यांनी आपले जोडघटक ‘गुड’, ‘बॅड’ व ‘अग्ली’ अशा संचांत विभागले. ही नावे एका गाजलेल्या चित्रपटावरून घेतलेली असली, तरी विभागणी थट्टेची नाही: ‘अग्ली’ संचातील संहिता उत्तम, परंतु तिचे वितरण कायद्याच्या अडचणीत येण्याचा संभव असलेली, तर ‘बॅड’मधील संहिता अद्याप कसास न उतरलेली होय. भारतात २००२ च्या दुरुस्तीने एकस्व अधिनियमाच्या कलम ३ (के) अन्वये निव्वळ संगणक-आज्ञावली एकस्वास अपात्र ठरली. ही तरतूद सैल करू पाहणारा २००४ चा वटहुकूम संसदेने २००५ मध्ये त्या अंशी स्वीकारला नाही. तरीही लिनक्सची अनेक वितरणे परदेशी कायद्यांच्या धाकाने एमपी३ विसंकेतकाविना येत. त्यामुळे नवी प्रणाली बसविल्यावर साधे गाणेही वाजत नाही, हा येथील वापरकर्त्यांचा सार्वत्रिक अनुभव होता.

महाराष्ट्रातील एक आरंभीचा प्रयोग रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात या छोट्या वस्तीत झाला. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेखाली २००७ मध्ये तेथील प्राथमिक शाळेतील मुलांना एक्सओ हे यंत्र देण्यात आले. त्यातील छायाचित्रण व ध्वनिमुद्रणाची सोय जीस्ट्रीमरवर आधारलेली असून चित्रफिती ऑग प्रकारात साठविल्या जात.

याहून व्यापक कार्य पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने केले. केंद्र शासनाच्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाचे अर्थसाहाय्य लाभलेला हा प्रकल्प रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभारला. संगणकाच्या पडद्यावरील कृती मुद्रित करून तीवर निवेदन द्यावयाचे, असे सुमारे दहा मिनिटांचे पाठ इंग्रजीत तयार होतात व मराठीसह अन्य भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केले जातात. भाषांतरकारांसाठी ऑडॅसिटी व एफएफएमपेग यांच्या साहाय्याने ध्वनिरोपण कसे करावे, याचा स्वतंत्र पाठच प्रकल्पाने केला. मूळ पाठातील चित्र व ध्वनी वेगळे करावयाचे, नवे निवेदन वेळेबरहुकूम मुद्रित करावयाचे व एफएफएमपेगने ते चित्राशी पुन्हा जोडावयाचे, असा हा क्रम आहे. पाठांचे वितरण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली होते व ते इंटरनेटविना, तबकडीवरूनही पाहता येतात. राणीसावरगावसारख्या गावांचा विचार करता या दुसऱ्या गुणाचे मोल पहिल्याहून कमी नाही.

वेळेबरहुकूम मुद्रण मराठीत सोपे नाही. इंग्रजी आज्ञार्थी वाक्यात क्रियापद प्रथम येते, मराठीत शेवटी. त्यामुळे ‘क्लिक करा’ हे शब्द कानी पडण्यापूर्वीच पडद्यावरील बाण आपले काम उरकून बसतो. अनुवादकास वाक्य आखडते घ्यावे लागते किंवा कर्त्याला फाटा द्यावा लागतो. चांगल्या मराठी पाठांत ही काटछाट जाणवत नाही, सामान्य पाठांत ती कृत्रिम घाईच्या रूपाने प्रकट होते.

पडद्यावरील मजकूर मात्र हेतुतः इंग्रजीतच ठेवण्यात आला. नोकरीच्या ठिकाणी संगणक इंग्रजीतच भेटणार, तेव्हा समजावणी मातृभाषेत व पडदा इंग्रजीत, अशी प्रवर्तकांची भूमिका होती. विद्यार्थ्याच्या उपजीविकेच्या दृष्टीने ती योग्य ठरते. परंतु त्याच काळात स्वयंसेवकांनी लिनक्सचे नोम व केडीई हे कार्यपट बऱ्याच अंशी मराठीत आणले होते आणि या निर्णयामुळे तो मराठी पडदा पाठ पाहणाऱ्यांच्या दृष्टीस पडला नाही. मराठी ही संगणकाविषयी बोलण्याची भाषा झाली, संगणकावरील भाषा म्हणून तिचा परिचय या पाठांतून झाला नाही. मूळ पाठ व साधने दोन्ही खुली असल्यामुळे मराठी पडदा मुद्रित करून तेच निवेदन त्यावर बसविण्यास आज परवान्याची अथवा खर्चाची आडकाठी नाही. आवश्यक ती सर्व साधने एका साध्या संगणकावर मावतात.