ए.एम.ए. सुपरबाइक अजिंक्यपद स्पर्धेतील नियमबदल

ए.एम.ए. सुपरबाइक ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राष्ट्रीय मोटारसायकल रस्ता-शर्यतींची प्रमुख श्रेणी आहे. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या मान्यतेने १९७६ पासून ती चालवली जाते. विक्रीस असलेल्या मोटारसायकलीवर आधारित यंत्रानेच शर्यतीत उतरावे, हे या श्रेणीचे मूळ तत्त्व होय. इंजिनक्षमतेची मर्यादा, यंत्रात करता येणारे फेरफार आणि संयोजनाची पद्धत यांविषयीचे नियम मात्र अनेकदा बदलले. या बदलांचा परिणाम स्पर्धेच्या निकालांवर झालाच, शिवाय कोणती कंपनी मैदानात राहते आणि कोणती बाहेर पडते, हेही त्यांवर अवलंबून राहिले.

प्रारंभ आणि १००० सीसी मर्यादा

सुरुवातीच्या नियमांनुसार १००० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींना प्रवेश होता. मूळ फ्रेम आणि बाह्यरूप कायम ठेवणे आवश्यक असल्याने स्वार उंच हँडलच्या, सरळ बसून चालवायच्या गाड्यांवर शर्यत करीत. १९७६ मध्ये डेटोना येथील पहिल्या शर्यतीत स्टीव्ह मॅकलॉफ्लिन आणि रेग प्रिडमोर हे दोघेही बीएमडब्ल्यू आर९०एस गाड्यांवर जवळजवळ एकाच वेळी अंतिम रेषेवर पोहोचले. छायाचित्र पाहून मॅकलॉफ्लिन यांना विजयी घोषित करण्यात आले. त्या वर्षीचे अजिंक्यपद प्रिडमोर यांनी मिळवले. हेच मॅकलॉफ्लिन पुढे १९८८ मध्ये सुरू झालेल्या जागतिक सुपरबाइक स्पर्धेचे प्रवर्तक ठरले.

यानंतर मोठ्या जपानी चार सिलिंडरांच्या गाड्यांचे वर्चस्व निर्माण झाले. वेस कूली यांनी सुझुकीवर १९७९ व १९८० मध्ये, तर एडी लॉसन यांनी कावासाकीवर १९८१ व १९८२ मध्ये अजिंक्यपद पटकावले. इंजिनांची ताकद झपाट्याने वाढत होती, परंतु फ्रेम आणि टायर रस्त्यावरच्या वापराच्याच घडणीचे होते. वेगात असताना गाडी डुलू लागणे ही त्या काळातील नेहमीची बाब होती.

७५० सीसीचा नियम आणि आयातकर

१९८३ मध्ये चार सिलिंडरांच्या गाड्यांची मर्यादा ७५० सीसीपर्यंत खाली आणण्यात आली. दोन सिलिंडरांच्या गाड्यांना १००० सीसीची मुभा राहिली. तेवढ्याच क्षमतेच्या इंजिनात लहान लहान चार सिलिंडर असतील, तर ते अधिक फेऱ्यांनी फिरून जास्त शक्ती देते. दोन सिलिंडरांच्या गाड्यांना दिलेली सवलत ही त्या उणिवेची भरपाई होती. पुढे जागतिक सुपरबाइक स्पर्धेनेही हेच सूत्र वापरले.

होंडाने याच वर्षी व्हीएफ७५०एफ इंटरसेप्टर ही पाण्याने थंड होणारी व्ही-४ गाडी आणली. तरीही अजिंक्यपद वेन रेनी यांनी हवेने थंड होणाऱ्या कावासाकी जीपीझेड७५० वर जिंकले. विजेतेपदानंतर कावासाकीने आपला संघच बंद केला आणि विजेत्या स्वाराला पुढील हंगामासाठी दुसरीकडे जावे लागले.

नियम लागू झाला त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकी शासनाने हार्ले-डेव्हिडसनच्या मागणीवरून ७०० सीसीपेक्षा मोठ्या आयात मोटारसायकलींवरील कर ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांपर्यंत वाढवला. पुढील पाच वर्षांत तो टप्प्याटप्प्याने उतरायचा होता. शर्यतीची मर्यादा ७५० आणि कराची ७०० असा विचित्र पेच त्यामुळे निर्माण झाला. जपानी कंपन्यांनी अमेरिकेसाठी मुद्दाम ७०० सीसीच्या आवृत्त्या काढल्या. इंटरसेप्टरही १९८४ मध्ये व्हीएफ७००एफ म्हणून विकली गेली. विक्रीतील गाडीचीच शर्यत, हे तत्त्व या काळात शब्दशः खरे राहिले असे म्हणता येत नाही.

श्रेणीची प्रतिष्ठा मात्र वाढतच गेली. १९८५ पासून डेटोना २०० ही प्रसिद्ध शर्यत फॉर्म्युला वन ऐवजी सुपरबाइक गाड्यांची झाली आणि त्या वर्षी ती फ्रेडी स्पेन्सर यांनी जिंकली.

दोन सिलिंडरांची सवलत आणि २००३ चा बदल

दहा वर्षांनी सवलतीचे गणित बदलले. डग पोलन (१९९३) आणि ट्रॉय कोर्सर (१९९४) यांनी डुकाटीवर अजिंक्यपदे जिंकली. व्ही-४ इंजिनांसाठी ओळखल्या जाणाऱ्या होंडानेही अखेरीस दोन सिलिंडरांची आरसी५१ बनवली आणि निकी हेडन यांनी तिच्यावर २००२ चे अजिंक्यपद मिळवले. तथापि, ७५० सीसीच्या गाड्या निष्प्रभ झाल्या होत्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मॅट म्लाडिन यांनी सुझुकी जीएसएक्स-आर७५० वर १९९९ ते २००१ अशी सलग तीन अजिंक्यपदे जिंकली होती. खरी अडचण दुकानात होती. यामाहा आर१ (१९९८) आणि सुझुकी जीएसएक्स-आर१००० (२००१) आल्यानंतर ग्राहक लिटर-वर्गाकडे वळले होते.

२००३ मध्ये चार सिलिंडरांच्या १००० सीसी गाड्यांना परवानगी मिळाली. त्यांच्या इंजिनातील फेरफारांवर मात्र अधिक कडक बंधने होती. समानता साधण्यासाठी केलेल्या या बदलानंतर २००३ ते २००९ या सातही हंगामांची अजिंक्यपदे एकट्या सुझुकीकडे गेली: चार म्लाडिन यांची, तीन बेन स्पीस यांची.

डेटोना मोटरस्पोर्ट्स ग्रुपचा काळ

लिटर-वर्गाच्या गाड्यांचा वेग आणि डेटोनाच्या तिरप्या वळणांवर टायरवर येणारा ताण लक्षात घेऊन डेटोना २०० ही शर्यत २००५ मध्येच ६०० सीसीवर आधारित फॉर्म्युला एक्स्ट्रीम श्रेणीकडे सोपवण्यात आली होती. २००८ मध्ये व्यावसायिक शर्यतींचे हक्क डेटोना मोटरस्पोर्ट्स ग्रुपकडे गेले आणि २००९ पासून श्रेणींची नवी मांडणी झाली. होंडाने आपला अधिकृत संघ मागे घेतला. नव्या डेटोना स्पोर्टबाइक श्रेणीत चार सिलिंडरांच्या ६०० सीसी गाड्यांसोबत दोन सिलिंडरांच्या बऱ्याच मोठ्या गाड्यांनाही प्रवेश होता. पहिले अजिंक्यपद डॅनी एस्लिक यांनी ११२५ सीसीच्या ब्यूएल ११२५आर वर जिंकले, तेव्हा जवळजवळ दुप्पट क्षमतेची ही सवलत न्याय्य आहे काय, यावर बराच वाद झाला.

मोटोअमेरिका

२०१५ पासून १९८३ चे विजेते वेन रेनी यांच्या नेतृत्वाखाली मोटोअमेरिका ही मालिका सुरू झाली. तांत्रिक नियम आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांशी जुळवून घेण्यात आले. आरंभी कमी फेरफारांच्या, तुलनेने स्वस्त सुपरस्टॉक १००० गाड्या सुपरबाइकसोबतच धावत, त्यामुळे खासगी संघांनाही मुख्य शर्यतीत स्थान मिळाले. या मालिकेचे पहिले अजिंक्यपद कॅमेरॉन बोबिए यांनी यामाहावर जिंकले. डेटोना २०० ही शर्यत मोटोअमेरिकाच्या कार्यक्रमात २०२२ मध्ये परतली, परंतु सुपरबाइक श्रेणीसाठी नव्हे.