आजीचं जन्मसाल

आमच्या पिंपळवंडीत माझ्या वयाच्या बऱ्याच मंडळींचा वाढदिवस १ जूनला येतो. महाराष्ट्रात कुठेही जा, हेच दिसेल. मूल शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" उत्तर यायचं, "बाजरी काढायच्या वक्ताला." मग गुरुजी जूनपासून मागे वर्षं मोजून तारीख टाकायचे. मास्तरकीत अशी जुनी रजिस्टरं पुष्कळ हाताळली. त्यामुळे परदेशातल्या पुतणीने वंशावळीसाठी माझ्या आजीची जन्मतारीख मागितली, तेव्हा एका कागदावर विसंबायचं नाही हे ठरलेलंच होतं.

तारखेचा घोळ काही सामान्यांच्याच घरी असतो असं नाही. आमच्याच जुन्नर तालुक्यात, शिवनेरीवर जन्मलेल्या शिवरायांच्या जन्मतिथीवर किती वर्षं वाद चालला! जुनी तिथी शके १५४९, वैशाखातली, म्हणजे इ.स. १६२७. लोकमान्यांनी १९१६ साली जेधे शकावली छापली, तिच्यात निघाली शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. तीच तिथी शिवभारतात आणि जोधपूरच्या कुंडलीत मिळाली. शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारी लागला की ७९. म्हणून १९ फेब्रुवारी १६३०. एक कागद काहीही सांगेल. वेगवेगळ्या ठिकाणचे तीन साक्षीदार एकच बोलले तर ऐकावं.

आपल्याकडे बखरी नाहीत, पण साक्षीदार असतात. पणजीचं श्राद्ध आमच्याकडे अविधवा नवमीला होई. म्हणजे ती पणजोबांच्या आधी गेली. पणजोबांच्या वारसांची फेरफार नोंद १९२४ ची. म्हणजे दोघंही त्याआधीच गेलेले. तिथी घराने जपली, साल कुणी जपलं नाही. तरी दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एवढं कळतं.

आजीची गोष्ट जास्त अवघड. बायकांच्या नावावर जमीन नाही, शाळा नाही, लग्नानंतर माहेरचं नावही नाही. कागद एकच, मृत्यूची नोंद. ती १९७३ मध्ये गेली, सुकडी वाटली जायची त्या दुष्काळात. नोंदीत वय ८०. म्हणजे जन्म १८९३ चा? पण ८० हा आकडा कुणीतरी तोंडी सांगितलेला. खानेसुमारीतही वयं अशीच शून्यावर नि पाचावर येऊन बसतात.

आता तिचं स्वतःचं बोलणं घेऊ. ती म्हणायची, "माझं पहिलं तान्हं मानमोडीत गेलं." मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. पावसाळा सरता सरता आला आणि दोन-तीन महिन्यांत घरंच्या घरं रिकामी करून गेला. देशात एक कोटीहून जास्त माणसं मेली. तिची आई तिला सांगायची, "तू मोठ्या दुष्काळाच्या पाठची." मोठे दुष्काळ दोन, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. मुलींच्या लग्नाला १४ वर्षांची अट शारदा कायद्याने १९३० साली आली. तिच्या वेळी दहा-बारा वर्षांची मुलगी बोहल्यावर उभी राहायची. १८९३ धरलं तर पहिलं मूल पंचविशीत, आणि दुष्काळाशीही मेळ बसत नाही. दुसरा दुष्काळ धरला तर सगळं जुळतं. जन्म १९०० ते १९०२ च्या दरम्यान.

हा नुसता हिशेब नाही. कागदावर विश्वास ठेवला तर आजी तेव्हा पंचवीस वर्षांची बाई होती. हिशेब म्हणतो, मूल गेलं तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची होती. माझ्या दहावी-अकरावीतल्या पोरींएवढी. ते वाक्य मी लहानपणी कितीदा ऐकलं, पण ते किती लहान मुलीचं आहे हे हा हिशेब मांडला तेव्हा कळलं.

पुतणीला कळवलंय, "अंदाजे १९०१" असंच लिही, आणि अंदाज कशावरून तेही खाली लिही. 'अंदाजे' शब्द गाळलास तर पुढची पिढी त्यालाच खरं मानेल. आणि त्या बाळासाठी एक ओळ ठेव. नाव माहीत नाही, मुलगा की मुलगी तेही नाही. पण मृत्यू १९१८. आमच्या जुन्या पिढ्यांत इतकं नक्की साल फार थोड्यांचं आहे.

मंडळी, तुमच्या घरात कुणी नव्वदीचं असेल तर तारीख विचारू नका. तेव्हा काय घडत होतं ते विचारा, आणि लिहून ठेवा.