न विणलेले कापड

चरखा, हातमाग, गिरणी या क्रमाने वस्त्राचा इतिहास मी वर्गात शिकवीत आलो. त्यापुढचा धडा मला डिचोली तालुक्यातील मुळगावाने दिला. २०१५ च्या सुमारास तेथील बचतगटाच्या महिलांनी सॅनिटरी पॅड बनविण्याची यंत्रे चालविण्यास घेतली. अशी कमी खर्चाची यंत्रे कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगानंदम यांनी घडविली. लाकडाचा लगदा दळायचा, साच्यात दाबायचा, न विणलेल्या कापडात गुंडाळायचा, कडा तापवून चिकटवायच्या, मग अतिनील किरणांनी निर्जंतुक करायचे, असे हे काम. या कापडात उभा-आडवा धागा नसतो. पसरलेले तंतूच उष्णतेने किंवा दाबाने एकजीव केलेले असतात.

आमच्या आयांच्या काळी जुन्या लुगड्याच्या घड्या असत. त्या धुऊन अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत. पुढे पणजीच्या दुकानांतून विकतचे पॅड आले, तेही वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यांवरील जीएसटी २०१८ मध्ये रद्द झाला.

शाळेत मुलींच्या महिन्याकाठच्या गैरहजेरीपुढे मी मात्र वर्षानुवर्षे ‘पोटदुखी’ लिहीत होतो. वाचकहो, हजेरीपट हेही इतिहासाचे साधनच. त्यातली ती नोंद खोटी होती आणि ती करणारा इतिहासाचा शिक्षक मीच होतो.