एमपीआयडी कायदा आणि ज्येष्ठ ठेवीदार

एमपीआयडी कायदा : महाराष्ट्र ठेवीदारांच्या (वित्तीय संस्थांमधील) हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९. ठेवी बुडवणाऱ्याला शिक्षा देणे आणि त्याची मालमत्ता विकून ठेवीदारांची देणी भागवणे, ही दोन्ही कामे एकाच न्यायालयाकडे सोपवणारा राज्याचा कायदा. त्याच्या मजकुरात वयाचा उल्लेख नाही. मात्र राज्यात ठेवी बुडाल्याची मोठी प्रकरणे काढून पाहिली, तर आर्थिक गुन्हे शाखेच्या दारात पावत्यांची पिशवी घेऊन उभ्या राहणाऱ्यांत निवृत्त माणसे ठळकपणे दिसतात.

याचे कारण घरखर्चाच्या हिशेबात आहे. खासगी नोकरीतून निवृत्त होणाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी एकरकमी मिळते. दरमहाचे निवृत्तिवेतन मात्र औषधपाण्यालाही पुरत नाही. ती रक्कम गुंतवून महिन्याच्या व्याजावर घर चालवायचे, ही मध्यमवर्गीयांची जुनी रीत. बँकांचे व्याजदर उतरले की दोन-चार टक्के जास्त देणारा नावाजलेला बिल्डर, गावातली पतसंस्था किंवा ओळखीचा सराफ जवळचा वाटू लागतो. अशा माणसांना हावरट ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. त्यांनी व्याज मागितले ते वाणसामानासाठी.

कायदा येण्यापूर्वी फसवणुकीचा फौजदारी खटला एका न्यायालयात चाले आणि पैशासाठी ठेवीदाराला दिवाणी दावा वेगळा लावावा लागे. वनशेती, वृक्षलागवड, दामदुप्पट अशा योजनांनी १९९० च्या दशकात लोकांना बुडवले, तेव्हा या वाटेचा तोकडेपणा उघड झाला. तमिळनाडूने १९९७ मध्ये स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्राने त्यानंतर केला. कलम ३ नुसार कपटाने ठेव परत न करणाऱ्यास सहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि प्रवर्तक, भागीदार, संचालक, व्यवस्थापक हे सारे जबाबदार धरले जातात. कलम ४ नुसार सरकार मालमत्ता जप्त करते. तिचा ताबा सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा उपजिल्हाधिकाऱ्याकडे, जातो आणि त्याने ३० दिवसांत विशेष न्यायालयात जाऊन जप्ती कायम करून घ्यायची असते. ठेवींच्या पैशातून घेतलेली मालमत्ता नातेवाइकांच्या किंवा मित्रांच्या नावावर सरकवली असेल, तर तिथपर्यंतही न्यायालयाचा हात पोहोचतो.

कायद्याची वाट सरळ राहिली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ मध्ये तो राज्याच्या अधिकाराबाहेरचा म्हणून घटनाबाह्य ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये के. के. भास्करन खटल्यात तमिळनाडूचा कायदा उचलून धरला आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरवला. मधली सात वर्षे ठेवीदारांसाठी अनिश्चिततेची गेली.

ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वाधिक चर्चेचे प्रकरण पुण्याचे बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांचे. डीएसके हे नाव पुण्यात घराघरांत विश्वासाचे होते, आणि निवृत्तांनी आयुष्याची पुंजी तिथे ठेवली ती त्या नावावर. व्याज थकले, मुदत संपलेल्या ठेवी परत मिळेनात, तेव्हा २०१७ च्या अखेरीस गुन्हा दाखल झाला. अटकपूर्व जामिनाच्या सुनावणीत उच्च न्यायालयाने ५० कोटी रुपये जमा करण्यासाठी पुन्हा पुन्हा मुदत दिली. ते जमा झाले नाहीत. संरक्षण गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्लीत अटक झाली. आरोपपत्रातला आकडा सुमारे २,०४३ कोटींचा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या जामिनावर कुलकर्णी ऑगस्ट २०२२ मध्ये बाहेर आले. या काळात मालमत्ता जप्त झाल्या, पण जप्ती म्हणजे परतफेड नव्हे. जप्त जमिनीवर बँकेचे कर्ज असते, मूल्यांकनावर हरकती येतात, आणि कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली की तिसरेच व्यासपीठ उभे राहते. दरम्यान ठेवीदार वारला, तर वारसांना उत्तराधिकाराची कागदपत्रे गोळा करून दावा पुढे न्यावा लागतो. कायद्यात न्याय्य वाटपाची भाषा आहे, परंतु ऐंशीच्या घरातल्या माणसाला आधी पैसे द्यावेत असे त्यात कुठे म्हटलेले नाही. ही मोठी उणीव आहे.

वाट पाहून थकलेल्या ठेवीदाराचे काय होऊ शकते, हे जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेच्या, म्हणजे बीएचआरच्या प्रकरणात दिसले. संस्था अडचणीत आल्यावर २०१५ मध्ये तिथे अवसायक नेमला गेला. पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने नोव्हेंबर २०२० मध्ये जळगावात छापे घातले, ते वेगळ्याच आरोपांवरून. कर्जदारांनी ठेवीदारांच्या पावत्या कवडीमोल भावाने विकत घेतल्या आणि त्या पूर्ण दर्शनी रकमेने स्वतःच्या कर्जात वळत्या करून घेतल्या, असा एक आरोप होता. संस्थेच्या मालमत्ता स्वस्तात विकल्याचा दुसरा. आरोप असा की, लाखाची पावती असलेल्याच्या हाती थोडेफार पैसे टेकवले जात आणि कर्जदाराचे मात्र लाखाचे कर्ज फिटे. हातात काहीच न येण्यापेक्षा थोडे बरे, असे म्हणून वयस्क माणसाने सही केली असेल, तर दोष त्याच्या सहीकडे नव्हे, त्याला तिथवर नेणाऱ्या विलंबाकडे जातो.

बँक आधी की ठेवीदार, हा जुना वाद नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या वस्तुबाजाराच्या प्रकरणात निकाली निघाला. २०१३ मध्ये बंद पडलेल्या या बाजारात सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले होते. बाजाराची प्रवर्तक कंपनी ६३ मून्स टेक्नॉलॉजीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अशा बाजारालाही ‘वित्तीय संस्था’ मानले आणि जप्ती पुन्हा लागू केली. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, एमपीआयडीखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर तारणधारक बँकांना अग्रक्रमाचा दावा करता येणार नाही. केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा ठेवीदारांना अग्रक्रम देतो खरा, पण तारण मालमत्तेच्या वसुलीचा कायदा आणि दिवाळखोरी संहिता यांना अपवाद करून. त्यामुळे महाराष्ट्रातल्या ठेवीदाराला आज राज्याच्या कायद्याचा आधार केंद्राच्या कायद्यापेक्षा अधिक भक्कम आहे. विशेष न्यायालयाचा आदेश मान्य नसेल, तर त्याला ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.