कावीळ 'ई' : पाण्यातून येणारा पाहुणा

कोल्हापूर - कावीळ हा रोग नव्हे, लक्षण आहे. रक्तातील बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याचे प्रमाण वाढले की डोळे व त्वचा पिवळी दिसू लागते. यकृताला सूज आणणारे विषाणू हे त्याचे आपल्याकडील एक प्रमुख कारण. त्यांपैकी 'ए' आणि 'ई' हे दोन प्रामुख्याने दूषित पाणी व अन्नातून, तर 'बी' आणि 'सी' रक्तावाटे पसरतात. कोल्हापूरकरांच्या दृष्टीने यातील 'ई' अधिक परिचयाचा म्हणावा लागेल.

कोल्हापूर शहरात १९८१ साली काविळीची मोठी साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला आणि ही साथ पाण्यातून पसरल्याचे दाखविणारा त्यांचा शोधनिबंध १९८४ साली 'जर्नल ऑफ हायजीन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या वेळी या विषाणूला नावही नव्हते. 'ए' नव्हे आणि 'बी'ही नव्हे, एवढेच सांगता येत असे. असे सांगण्यामागे एक तर्क होता. भारतात बहुतेकांना 'ए'चा संसर्ग बालपणीच होऊन जातो आणि त्याची प्रतिकारशक्ती आयुष्यभर टिकते. मग पंधरा ते चाळीस वयोगटातील धडधाकट माणसे शेकड्यांनी आजारी पडतात, तेव्हा कारण दुसरेच असले पाहिजे. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेचे सांडपाणीमिश्रित पाणी नळांतून गेल्याने सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली होती. ती साथही 'ई'चीच होती, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कित्येक वर्षांनी उघड झाले. रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी तर रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन हा विषाणू ओळखला व १९८३ साली आपले निष्कर्ष मांडले. विज्ञानाच्या इतिहासात असे धाडस विरळाच; अनुकरणीय मात्र नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत हाच विषाणू पुन्हा अवतरला. हजारो नागरिकांना कावीळ झाली, काहींचे बळी गेले आणि पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न ऐरणीवर आला. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नृसिंहवाडीपर्यंतच्या प्रवासात ही नदी कोल्हापूरच्या जयंती व दुधाळी नाल्यांचे पाणी पोटात घेते. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की ते पुरेसे विरळही होत नाही. त्यातच जलवाहिनीला गळती असेल आणि पाणी ठरावीक वेळीच सुटत असेल, तर पुरवठा बंद असताना रिकाम्या वाहिनीत आजूबाजूचे गटाराचे पाणी शिरते. कोल्हापूर शहरासाठी काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीने पाणी आणण्याची योजना २०२३ मध्ये प्रत्यक्षात आली. तथापि स्रोत बदलला तरी गल्लीतील जुनी वाहिनी तीच राहते, हे विसरून चालत नाही.

या आजाराचा खरा धूर्तपणा त्याच्या सुप्त काळात आहे. विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे, सरासरी पाच-सहा आठवडे जातात. म्हणजे रुग्णालये भरू लागतात तेव्हा मूळ दूषित पाणी केव्हाच पिऊन झालेले असते. आज तपासलेला नळाचा नमुना निर्दोष निघाला, तरी त्यावरून महिन्यापूर्वीच्या पाण्याचा निर्वाळा देता येत नाही.

बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. विशिष्ट औषधाची सहसा गरज भासत नाही. विश्रांती, पुरेसे द्रवपदार्थ व रुचेल तो आहार एवढे पुरते. गळ्यात घातलेल्या काविळीच्या माळेला जे श्रेय मिळते, ते याच नैसर्गिक उतारामुळे. माळेपेक्षाही अनोळखी मुळ्या व काढे यांचा धोका मोठा, कारण आधीच सुजलेल्या यकृतावर त्यांचा भार पडतो. मद्य पूर्ण वर्ज्य करावे. पॅरासिटामॉलसारखी नेहमीची गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. हळद व तेल संपूर्ण बंद करण्याला शास्त्रीय आधार नाही. उलट अतिरेकी पथ्यामुळे रुग्ण अधिकच अशक्त होतो.

गर्भवतींच्या बाबतीत मात्र ही निश्चिंतता मुळीच परवडणारी नाही. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत 'ई'ची लागण झालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे घरातील गर्भवतीचे डोळे पिवळे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक आहे. इतर रुग्णांतही असंबद्ध बोलणे, सतत गुंगी, न थांबणारी उलटी किंवा रक्तस्राव ही यकृत निकामी होत असल्याची चिन्हे समजावीत.

साथीच्या काळात पाणी उकळून पिणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. नळाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक असावे, असा संकेत आहे. काविळीची लस घेतली आहे, असे अनेक जण सांगतात. ती बहुधा 'बी'ची असते आणि 'ई'पासून संरक्षण देत नाही. 'ई'वरील लस चीनमध्ये २०११ साली मंजूर झाली. दक्षिण सुदानमध्ये २०२२ साली साथ आटोक्यात आणण्यासाठी ती प्रथमच वापरली गेली. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश नाही.