कोंभाळण्यातलं बियाण्याचं घर

शेतीचं वस्तुसंग्रहालय म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं, ते ठरलेलं आहे. भिंतीला टेकवलेली तिफण, मोटेचं चाक, पायली-शेराची मापं, दगडी जातं आणि प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. बघणारा म्हणतो, ‘आमच्या आजोळी होतं असं,’ आणि पुढे सरकतो. अशा संग्रहालयांबद्दल तक्रार नाही. तिफण शंभर वर्षं भिंतीला टेकून राहिली तरी ती तिफणच राहते. बियाण्याचं मात्र तसं होत नाही. काचेमागे ठेवलेलं वालाचं बी काही वर्षं दिसायला तसंच दिसतं, पण आतून मरून गेलेलं असतं. ज्या वस्तू जपायच्या त्याच दर पावसाळ्यात चिखलात नेऊन टाकायच्या, असं ज्या संग्रहालयाला करावं लागतं त्याची वाटचाल कशी असेल, या कुतूहलापोटी मी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला गेलो. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काय असेल ती असो, ‘कोंभ’ त्यात आहे एवढं मला पुरेसं होतं.

राहीबाई सोमा पोपेरे यांची ही बियाणे बँक. फलकावर ‘बँक’ असेल, पण आत गेल्यावर वाटतं ते घरच. मडकी, डबे, बरण्या, राखेत घोळलेल्या बिया, वाळलेल्या शेंगा. शेजारी परसबाग. खरा संग्रह त्या परसबागेत आणि आजूबाजूच्या वावरांत असतो, घरात असते ती फक्त त्याची पुढच्या हंगामापर्यंतची झोपायची सोय. म्हणून इथे यायचं तर उन्हाळ्यात येऊन उपयोग नाही. पावसाळा सरता सरता यावं, वेल मांडवावर चढलेले असताना.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याला शेतीचा इतिहास लिहून ठेवायची सवय आहे, पण ती खालच्या अंगाला. प्रवरेवरचं भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरं झालं. ते अकोल्यात, पण त्याचं पाणी कालव्यांनी खाली गेलं आणि तिथे ऊस उभा राहिला. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून लोणीचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये सुरू झाला. 1968 मध्ये राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आलं. या सगळ्यांचे अहवाल आहेत, स्मरणिका आहेत, चौकाचौकात पुतळे आहेत. वरच्या अंगाला, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात, महादेव कोळी आणि ठाकर माणसं राब भाजून भात, नागली, वरई काढत राहिली. त्यांच्या शेतीचं दप्तर म्हणजे त्यांचं बियाणं. काळभात, जिरवेल, रायभोग, आंबेमोहोर ही नुसती भाताची नावं नव्हेत. कुठला भात उताराच्या हलक्या रानात तग धरतो, कुठला पाणी साचलेल्या खाचरात, कुठला बाळंतिणीला द्यायचा, एवढा मजकूर त्या एकेका नावात भरलेला असतो.

राहीबाई 1964 च्या जन्माच्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही. कोरडवाहू जमीन. पावसाळ्यात घरची शेती आणि उरलेलं वर्ष साखर कारखान्याकडे मजुरीला, हा घरातल्या सात माणसांचा शिरस्ता. म्हणजे डोंगरातलं पाणी जसं खाली उसाकडे गेलं तशी माणसंही गेली. जुन्या बियाण्याचं मोल वडलांकडून कानावर पडलेलं होतं. पण निमित्त घडलं ते नातवाच्या आजारपणाचं. विकतच्या, फवारणी केलेल्या भाज्या खाऊन पोरं आजारी पडतात, असं त्यांच्या मनाने घेतलं. वैद्यकीयदृष्ट्या ते किती खरं, या वादात मी पडत नाही. त्यांनी त्यावर काढलेला उपाय मला महत्त्वाचा वाटतो: आपल्या दारात आपल्या बियाण्याची भाजी लावायची. आणि ते बियाणं शोधायला गेल्यावर लक्षात आलं की ते घराघरांतून चाललंय.

ते का चाललं होतं, हे सांगताना संकरित वाणांना खलनायक ठरवायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. संकरित ज्वारीचा पहिला वाण 1964 मध्ये आला आणि 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना चार पोती जास्त म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. 1966 चा बियाणे कायदा, 1976 मध्ये अकोल्याला (त्या वऱ्हाडातल्या अकोल्याला, या अकोल्याला नव्हे) स्थापन झालेलं महाबीज हे राज्याचं बियाणे महामंडळ, या सगळ्यांनी बियाणं पिशवीत आणलं. गोम वेगळीच होती. संकरित पिकाचं बी धरून पुन्हा पेरलं तर पुढच्या पिढीत ते फाटतं, एकसारखं येत नाही. म्हणून दरवर्षी पिशवी आणायची. आणि पिशवी आणायची सवय लागली की घरातली मडकी रिकामी होतात. नुसतं बी जात नाही, ते राखणारा हात जातो. उभ्या पिकातून नेमकं कुठलं कणीस बियाण्याला धरायचं हे एक कसब आहे, आणि ते बहुतेक घरांत बाईच्या हातात होतं.

राहीबाईंच्या हाताला जोड मिळाली ती ‘बायफ’ची. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला सुरू केलेली ही संस्था महाराष्ट्रात ओळखली जाते संकरित गाईंमुळे. तिनेच पुढे गावरान बियाण्याच्या मागे उभं राहावं, यात मला गंमत वाटते आणि शहाणपणही दिसतं. बायफच्या कार्यकर्त्यांनी अकोल्यात पिकांचे स्थानिक वाण शोधायला घेतले तेव्हा राहीबाई त्यांना सापडल्या, की राहीबाईंना ते सापडले, हे कुणी कुठून मोजतो त्यावर आहे. कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. गावात चेमदेव महिला बचत गट झाला. सुरुवातीच्या नोंदीत 17 पिकांचे 43 वाण होते. पुढे वाणांचा आकडा शंभरावर गेला. त्यात वाल-घेवड्यांचा पसारा सगळ्यात मोठा: हिरव्या शेंगेचा, जांभळ्या कडेचा, रुंद शेंगेचा, कडू, गोड. परक्याला सगळे सारखेच दिसतात. मला तरी दिसले.

या संग्रहाची देखभाल कशी होते, ते जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे. भात आणि वाल बहुतांशी आपल्याच फुलात फळतात, त्यामुळे दोन वाण जवळ असले तरी फारशी सरमिसळ होत नाही. भोपळा, दोडका, काकडी यांचं तसं नाही. मधमाशीला वाणांची हद्द कळत नाही. म्हणून वेलभाज्यांचे दोन वाण एकमेकांपासून लांब लावावे लागतात. निरोगी झाडावरची चांगली पोसलेली फळं वेलावरच पिकू द्यायची, ती खायची नाहीत. बी धुऊन सावलीत सुकवायचं. मग राखेत घोळून मडक्यात, वर कडुनिंबाचा पाला, तोंड शेणमातीने बंद. राख उरलीसुरली ओल ओढते आणि भुंग्याला हालचाल करू देत नाही. ओल आणि ऊब, बियाण्याचे हे दोन शत्रू. नॉर्वेतल्या स्वालबार्डला 2008 मध्ये बर्फाळ डोंगराच्या पोटात जगाचं बियाण्याचं कोठार उघडलं, तिथे उणे 18 अंशांवर हेच दोन शत्रू रोखून धरतात. कोंभाळण्याला बर्फ नाही, म्हणून बियाणं सारखं जमिनीत जाऊन नवं होऊन येतं.

देवाणघेवाणीचा नियम जुन्या उसनवारीचाच आहे: बियाणं न्या, पीक आलं की दुप्पट परत करा. स्वालबार्डच्या कोठारातूनही 2015 मध्ये पहिल्यांदा बियाणं बाहेर काढलं गेलं ते सीरियाच्या युद्धामुळे. अलेप्पोजवळची बीजपेढी हाताबाहेर गेल्यावर शास्त्रज्ञांनी ठेव काढली, मोरोक्को-लेबनॉनात पेरली आणि 2017 मध्ये नव्या दाण्यांनी पुन्हा भरली. अकोल्यातल्या बाईला यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

कायदाही इथे शेतकऱ्याच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं छापील ब्रँडच्या पिशवीत घालून विकायचं नाही.

आणि जुनं जपणारी बाई जुन्यालाच चिकटून बसली असेल, असं कुणाला वाटत असेल तर तेही चुकीचं. भाताची चारसूत्री लागवड त्यांनी शिकून घेतली. तुसाची राख, गिरीपुष्पाचा पाला, नेमक्या अंतरावर रोप आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट ही ती चार सूत्रं. पडीक रान लागवडीखाली आणलं, पाण्यासाठी जलकुंड केले. बियाणं आजीचं, रीत नवी. सेंद्रियवाल्यांना ब्रिकेट खटकतील, त्याला इलाज नाही.

मग मानमरातब आले. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटलं. 2018 मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत नाव आलं. 2018 चा नारीशक्ती पुरस्कार मार्च 2019 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. तेव्हाचे महसूलमंत्री चंद्रकांत पाटील यांनी स्वतःच्या खर्चाने बियाण्यासाठी इमारत बांधून दिली. 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत या एकाच जिल्ह्यातली दोन शेतीची नावं होती, हिवरे बाजारचे पोपटराव पवार आणि राहीबाई. करोनामुळे पदक हाती पडायला नोव्हेंबर 2021 उजाडला.

पुरस्कारांचा एक तोटा असतो: लोक बाईला बघायला येतात, बियाणं बघायचं राहून जातं. फोटो निघतो, मडक्यात डोकावून होतं, गाडी वळते. समितीतल्या बाकीच्या बायांची नावं कुणी विचारत नाही. बियाणं मात्र एकीच्या परसात टिकत नसतं. एका वर्षी एकीचा मांडव वाऱ्याने पडला, तर दुसरीकडे तो वाण असावा लागतो. पुण्याच्या ‘आयसर’ या विज्ञान संस्थेच्या समन्वयाने 2014 ते 2019 या काळात चाललेल्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पात बायफमार्फत अशा कितीतरी गावांतलं ज्ञान नोंदलं गेलं आणि 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुढच्या टप्प्याला मंजुरी दिली. कागदावर आलं हे बरंच झालं. पण कागद पेरता येत नाही, हे शेवटी खाचरात उभ्या असलेल्या बाईलाच ठाऊक असतं.

निघताना मीही मूठभर वाल घेतले. शहरात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने घ्यावेत की नाही, असा विचार मनात आला होता, पण मोह आवरला नाही. गॅलरीच्या गजांवर वेल चढला, मावा पडला, राख टाकली, शेजारच्यांनी राखेबद्दल तक्रार केली. जांभळ्या कडेच्या शेंगा लागल्या तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, ‘भाजी कधी?’ सगळ्यात भरलेल्या शेंगा वेलावरच वाळू दिल्या. परवा सोलून दाणे मोजले. जेमतेम एक मूठ भरली. अजून एक भरायची आहे.