मिल्ड्रेडचा दोष कोणता?

मायकेल कर्टिझ दिग्दर्शित ‘मिल्ड्रेड पिअर्स’ हा अमेरिकन चित्रपट १९४५ साली पडद्यावर आला. नवऱ्यापासून विभक्त झालेली मिल्ड्रेड वाढपिणीचे काम पत्करते, स्वतःची उपाहारगृहे उभारते आणि थोरली लेक व्हीडा हिचे लाड पुरविता पुरविता सर्वस्व गमावते. व्हीडा मिल्ड्रेडच्या दुसऱ्या नवऱ्याचा खून करते, तेव्हा तो आळ आई स्वतःवर घेऊ पाहते. या भूमिकेसाठी जोन क्रॉफर्ड हिला ऑस्कर मिळाले.

जेम्स केन यांच्या १९४१ च्या मूळ कादंबरीत खून नाही. तेथील व्हीडा निसटून जाते. पण हॉलिवूडवर तेव्हा निर्मिती-संहितेचा अंमल होता. १९३० सालच्या त्या संहितेच्या घडणीत येशूसंघीय फादर डॅनियल लॉर्ड व कॅथलिक प्रकाशक मार्टिन क्विग्ली यांचा हात होता. अपराध्याला शासन व्हावे, हा तिचा दंडक.

अखेरीस पहाटे मिल्ड्रेड पहिल्या नवऱ्यासह पोलीस कचेरीबाहेर पडते. तेथे दोन स्त्रिया गुडघ्यांवर बसून फरशी घासत असतात. कुणाला हे मोडलेल्या संसाराचे पुनर्मीलन वाटते. १९७० च्या दशकापासून स्त्रीवादी समीक्षकांना मात्र त्यात कर्तबगार स्त्रीला पुन्हा घरात कोंडणे दिसले.

आमच्या मते दोष तिच्या श्रमांत नाही. तिने लेकीला एकदा घराबाहेर काढले, पण तो नकार तिला निभावता आला नाही. खुनाच्या रात्रीही, पोलिसांना कळविण्यासाठी उचललेला फोन तिने लेकीच्या विनवणीने खाली ठेवला. आईबाप म्हणून पाहताना आम्हांला तोच क्षण सर्वांत जड जातो.